कांताबाईंची तहसील

मॅडलीनबाई कुणालाही भेटल्या की नावाच्या आधी गाव विचारत. आयर्लंडमध्ये माणूस आपली काउंटी, म्हणजे जिल्हा, सांगतो आणि मोकळा होतो, पण बाईंचं तेवढ्यावर भागत नसे. "काउंटी कुणीही सांगेल. तिच्या आतलं सांग," म्हणून त्या समोरच्याला अडकवून ठेवत. इथे ॲथलोन गावात त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून होतं. जन्म फ्रान्सचा, नवरा आयरिश, तो वारलेला. इथल्या शाळेत फ्रेंच शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या.

पहिल्याच भेटीत, कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना, त्यांनी मला विचारलं, "अँड युअर काँताँ?" मी चपापलेच. कांता माझ्या मावशीचं नाव! या बाईला आमची कांतामावशी कशी ठाऊक? मी म्हटलं, "ती अमरावतीला असते." काँताँ म्हणजे त्यांच्याकडचा गावांचा गट, साधारण आपल्या तालुक्यासारखा, हे उलगडल्यावर बाई डब्याला धरून हसल्या. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव कांताबाई.

२०१६ साली माझी आई गेली आणि बाबांना मी इकडे घेऊन आले. बाबा वर्धा जिल्ह्यातले, एरवी भारी बोलघेवडे. पण आईबरोबर त्यांचं बोलणंही गेलं. जेवताना 'हूं' आणि 'नको', बाकी काही नाही. आईचा विषय निघाला की उठून खिडकीशी जात. हा माणूस असाच आतल्या आत संपतो की काय, या भीतीने माझं ऑफिसात लक्ष लागेना.

एका रविवारी कांताबाई रुबार्बचा टार्ट घेऊन आल्या आणि थेट बाबांसमोर बसल्या. प्रश्न अर्थात तोच. मी म्हटलं, "बाबा, त्या तुमची तहसील विचारतायत." विदर्भात तालुका कोण म्हणतंय!

"आर्वी," बाबा म्हणाले. मग मान हलवत, "नाही. आता आष्टी. गाव जागचं हाललं नाही वो, तहसीलच सरकली. एकीच्या तीन केल्या."

मी भाषांतर केलं मात्र, कांताबाई ताडकन उठल्या. ओट्यावरच्या टोपलीतले बटाटे आणून त्यांनी टेबलावर गावं मांडली. सगळ्यांत मोठा बटाटा मधोमध. ते त्यांचं मुख्य गाव.

"तुमच्याकडे तोडलं, आमच्याकडे जोडलं," त्या म्हणाल्या. "राज्यक्रांतीत आमचं काँताँ झालं. या मोठ्या गावात न्यायाधीश बसायचा. बांधाची, कोंबड्यांची, शिवीगाळीची भांडणं घेऊन लोक चालत यायचे. गुरुवारी बाजार. पुढे सरकारने न्यायाधीश नेला. आम्ही म्हटलं, ग्रँड, ठीक आहे. मग करवसुलीची कचेरी नेली. म्हटलं, ग्रँड. गेल्या वर्षी काँताँच नेलं!" असं म्हणून त्यांनी सगळे बटाटे हाताने लोटून शेजारी उरलेल्या बटाट्यांच्या ढिगात ढकलले.

बाबा पुढे वाकून पाहत होते. "अन् बाजार?"

"तो भरतो."

"मंग गाव हाय अजून," बाबांनी निकाल दिला.

कांताबाईंचा राग जरा निवला. नव्या काँताँत एक गोष्ट मात्र बरी आहे, त्या म्हणाल्या. तिथून एकटा माणूस निवडून येत नाही. एक बाई आणि एक पुरुष, दोघं मिळून उभं राहायचं, मतदाराने दोघांना मिळून एकच मत द्यायचं.

बाबांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. "जोडीनं? सत्यनारायनाले बसल्यावानी?" आणि ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले. "आमी बी बसत होतो. तुही माय पूजेत मले कोपरानं ढोसे. म्हने, झोपू नका, भटजी पाहून राह्यले."

मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं. कांताबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "नको. ते तुझ्यासाठी आहे."

बाबा बोलत राहिले. आईचं लग्नातलं रुसणं, तिच्या हातचा झुणका, तिचं शेवटचं दुखणं. आम्ही बापलेक रडलो. आमची भाषा न कळणारी ती बाई आमच्याजवळ बसून होती. मध्येच उठून तिने दिवा लावला आणि चहा टाकला.

बाबा चार महिन्यांनी गावी परतले ते बोलतेच. आता फोनवर त्यांना आवरावं लागतं.

कांताबाई २०१८ च्या हिवाळ्यात गेल्या. इथल्या रिवाजाप्रमाणे शवपेटी घरीच ठेवली होती. शेजारीपाजारी रांगेने येऊन फ्रान्सहून आलेल्या त्यांच्या बहिणीचा हात हातात घेत आणि 'सॉरी फॉर युअर ट्रबल' म्हणत. सगळे तेच म्हणतात. मीही रांगेत मनातल्या मनात घोकत होते. माझी पाळी आली, त्या म्हातारीचा हात हातात घेतला, आणि तोंडून निघालं, "थँक यू."

मागचा माणूस खाकरला. माझं इंग्रजी कच्चं आहे असं त्याला वाटलं असणार. मी काही ते दुरुस्त केलं नाही.