सोमारीबाईचा धूर

सोमारीबाईच्या घरी गॅसची टाकी होती, पण दोन वर्षं रिकामी. गडचिरोलीहून भरून आणायची तर पाच-सहा दिवसांची मजुरी जायची. एकटीच्या भातासाठी ते परवडत नव्हतं. ती जंगलातून सरपण आणायची आणि तीन दगडांवर रांधायची.

मग एका कंपनीची गाडी आली. घरोघर लोखंडी चूल फुकट दिली, कागदावर अंगठे घेतले. लाकूड खरंच निम्मं लागू लागलं, सोमारीबाईचा खोकलाही हटला. पण आठव्या महिन्यापर्यंत घरोघरच्या चुलींची आतली जाळी जळून पडली. गावाने निरोप धाडले, कोणी फिरकलं नाही. सगळे पुन्हा दगडांवर आले.

पुढच्या वर्षी कंपनीचा माणूस आला, चंद्रपूरचा प्रवीण.

"बाई, उद्या तपासणीवाले येऊन राह्यले. चूल रोज पेटते म्हणा. नव्या चुली भेटतील."

"काऊन खोटं बोलू?"

"चुलीनं जेवढा धूर वाचला, तेवढा कागदावर मांडून कंपनी विकते. मोठे कारखाने घेतात. मग त्यांना तेवढा धूर सोडता येते."

"अन् मले काय भेटलं?"

"चूल भेटली ना."

तपासणीच्या दिवशी शेजारच्या चैतूने मोडकी चूल घासून-पुसून तिच्यात काड्या पेटवून दाखवल्या. सोमारीबाईच्या चुलीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. तपासणीच्या मॅडमना तिने तीच दाखवली.

"जाळी जळली. दगडावरच रांधून राह्यली मी."

"बाकीच्यांचं काय?"

"दुसऱ्याच्या घरचं मी नाई सांगत."

महिन्याभराने नव्या चुली आल्या. सोमारीबाईचं नाव यादीत नव्हतं.

"चूल वापरत नाई, हे तुम्हीच सांगितलं," प्रवीण म्हणाला.

"मोडली म्हणून नाई वापरली."

"मॅडमच्या मोबाईलमधल्या फॉर्मात तसं लिहायला जागा नाई, बाई."

चैतू म्हणाला, "काकी, हो म्हटलं असतं तर काय गेलं असतं तुझं?" त्या दिवसापासून तिने त्याच्या अंगणात जाणं सोडलं.

हिवाळ्यात खोकला तिला झोपू देईना. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी छाती तपासली, गोळ्या दिल्या आणि बजावलं, "धुरात बसू नका. गॅसवर रांधत जा."

"हो," सोमारीबाई म्हणाली.

बसमधून उतरून ती गावाकडे निघाली. वाटेत जंगलाच्या कडेला थांबून तिने रात्रीपुरत्या काड्या वेचल्या. दर चार काड्यांमागे खोकला येत होता.