निवाऱ्यात लाकूड नव्हतं

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनो, बेलव्ह्यूच्या हॉस्पिटलमधून लिहितेय.

आज दुपारी हाइकवर बर्फ वाढला म्हणून मी आणि माझी रूममेट सायली डोंगरातल्या निवाऱ्यात शिरलो. तिचे हातमोजे भिजले होते. निघताना पुढच्यांसाठी कोरडी लाकडं ठेवून जायची, ही अशा निवाऱ्यांची रीत. पण शेगडीजवळ एकही लाकूड नव्हतं. बाकरवडीचं रिकामं पाकीट मात्र होतं.

"आपलेच लोक पार्टी करून गेलेत, यार," सायली कुडकुडत हसली.

खाली उतरेपर्यंत तिची बोटं गारठून पांढरी पडली. दोन बोटं वाचतील का, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. "आईला कळवू नकोस गं," एवढंच ती म्हणतेय.

तिथे राहून गेलेले कदाचित याच ग्रुपवर असतील. शेवटचं लाकूड जाळताना, आपल्यामागून कुणी येईल असं खरंच वाटलं नाही का?