उजेड काकू ठरवणार

गेल्या रविवारी सकाळी वलगावात माझ्या शेजारच्या काकूंच्या भाचीवर अन्याय झाला. बघायला आलेले पाहुणे चहा प्याले आणि तिच्या देखतच म्हणाले, "फोटोतली पोरगी कुठं हाये?" अमरावतीच्या एका स्टुडिओनं तिला न विचारता फोटोत गोरी करून टाकली होती!

काकू कमी बोलतात. कोणी काही सांगितलं की "काहून?" विचारतात आणि उत्तर येईपर्यंत टक लावून बघतात. सोमवारी मला घेऊन, अमरावती टाळून, त्या थेट अकोल्याच्या कॅमेऱ्याच्या दुकानात शिरल्या. जागच्या जागी कागदावर फोटो देणारा कॅमेरा त्यांना हवा होता. त्या कागदाला मागून कोणी रंगसफेदी करू शकत नाही!

"हा घ्या काकू, सगळं आपोआप," दुकानदार म्हणाला.

"काहून? उजेड मी ठरवीन. माहाच फोटो काढून दाखव. मी पोरीपेक्षा काळी हावो."

पहिल्या फोटोत फ्लॅशनं काकूंचं तोंड पिठात बुडवल्यासारखं आलं. मग उजेड हातानं कमीजास्त करता येणारा कॅमेरा निघाला. काकूंनी फ्लॅश बंद करायला लावला आणि खिडकीकडे तोंड केलं. कोऱ्या कागदावर हळूहळू कपाळ उमटलं, मग गाल, काळेभोर, तुकतुकीत. मी टाळ्याच वाजवल्या.

"हे पाह्य, मीच आली!" काकू ओरडल्या. "हाच दे. पोरीचा फोटो आता मी काढीन."

वाचणाऱ्या ताई-दादांनो, मोबाइलमधलं चेहरा उजळायचं बटण आत्ताच्या आत्ता बंद करा. मग घरातल्या पोरीचा फोटो काढा, आणि स्थळांना तोच पाठवा.