दार न उघडणारी आई

कुठला चित्रपट मुलांनी पाहावा, हे ठरवण्यात परीक्षक बाईंची वीस वर्षं गेली. भुताचा चित्रपट असला की त्या मनगटावर बोट ठेवून बसायच्या आणि नाडी जोरात उडाली की मिनिट टिपायच्या. स्वतःची लेक गेल्यापासून मात्र नाडी ढिम्म होती. आज पडद्यावर मेलेली मुलगी परत आली, "आई, दार उघड" म्हणाली, आणि आईने घाबरून कडी घातली. बाईंच्या बोटाखाली नाडी उडाली.

"मागे घ्या," त्या ऑपरेटरला म्हणाल्या. "कसली दगड बाई आहे ही."

चौथ्या खेपेला तो हळूच म्हणाला, "बाई, ती नाही हो उघडत."

बाईंनी शेरा लिहिला: मुलांना चालेल, आयांना दाखवू नये.

मग म्हणाल्या, "अजून एकदाच लावा. आता उघडेल."