बांधाच्या आत

आमच्या शेजारच्या रानाच्या मालकांकडे कुठल्याही तक्रारीला एकच उत्तर असतं, "बांधाच्या आत हाय ना?" उसाचं पाचट पेटवून धूर आमच्या घरात आला, तरी तेच. बोलताना बोटाने हवेत एक चौकोन काढतात आणि विषय संपवतात.

ऊस मोडून रान सपाट केल्यापासून त्यांची दहा वर्षांची नात तिथे जुनी छोटी कार चालवते. बुडाखाली दोन उशा घेते, तरी काचेतून नुसते डोळे दिसतात. रानाच्या कडेला विहीर आहे, तिला कठडा नाही. गाडी तिकडे वळली की माझ्या हातातलं खुरपं थांबतं.

काल न राहवून मी म्हणाले, "भाऊ, पोर लहान हाय अजून."

"वहिनी, रस्त्यावर थोडीच हाय? बांधाच्या आत भ्या कसलं?" ते हसले. चौकोनही काढला.

पण ते बसले होते विहिरीच्या अगदी काठावर, नजर नातीच्या गाडीवर. घड्याळ आणि मोबाईल काढून त्यांनी चपलेत ठेवले होते, सदरा घडी करून बाजूला. विहिरीत उडी घ्यायची असली की माणूस ठेवतो, तसा.