इंजिनाला वारा

स्कूटर मी घेतली तेव्हाच जुनी होती. विजेच्या स्विचांचे आणि होल्डरांचे नमुने दोन पिशव्यांत घालून मी लालबागहून दादर, शीव आणि तिथून उलटा गिरगावपर्यंत दुकानादुकानांतून फिरत असे. सगळा वेळ थांबा, निघा, पुन्हा थांबा. एका दुपारी शीवला इंजिन इतकं तापलं की पिस्टन आत अडकला, मागचं चाक गच्च झालं आणि मी पिशव्यांसकट रस्त्यावर बसलो. मेकॅनिक म्हणाला, "मध्ये मध्ये उभी करा, थंड होऊ द्या." दरवेळी वीस मिनिटं. दिवसाकाठी तीन दुकानं त्यात जात.

माझा थोरला भाऊ, दादा, तेव्हा घरीच होता. गिरणीच्या साळखात्यात, जिथे माग चालतात, तिथली हवा राखणं हे त्याचं काम. सुताला ओलसर हवा लागते, नाहीतर ते तुटतं. म्हणून बाहेरची हवा पाण्याच्या फवाऱ्यातून ओढून पत्र्याच्या मोठ्या नळांनी खात्यात सोडत. संपाला दोन वर्षं उलटली होती. बरेचजण मिळेल त्या कामाला लागले होते. दादा मात्र रोज सकाळी अंघोळ करून गिरणीच्या गेटवर जाऊन बसे आणि जेवायला घरी येई. कामाचं विचारलं की म्हणे, "संप मागे घेतला असं कुणी सांगितलंय?" तसं कुणी सांगितलं नव्हतं, हे खरं. वहिनी एका शिवणाच्या कारखान्यात हाताने काजं करायला जाई.

"काय झाला ता सांग," दादा म्हणाला. मी सांगितलं.

"म्हणजे हवा पोचत नाय."

त्याने पामतेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला, इंजिनावरच्या बाजूच्या झाकणाला भोक पाडलं आणि वारा आत घेणारं एक तोंड तिथे बसवलं. इथवर ठीक. पण थंड हवा म्हणजे ओली हवा, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्या तोंडात त्याने गोणपाटाचा तुकडा कोंबला आणि तो ओला राहावा म्हणून वर सलाइनची बाटली टांगली.

दुसऱ्याच दिवशी परळच्या पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. इंजिन खरोखर गार होतं. पण ज्या पंख्याने इंजिनाला वारा मिळतो, त्याच्या मागेच ठिणगीचे पॉइंट असतात, आणि ते ओले झाले होते. मी ती लालबागपर्यंत ढकलत आणली. दादाने इंजिनाला हात लावून पाहिला.

"तुका थंड होया होता ना? झाला."

"झालं. आता चालू पण कर."

वहिनी आतून म्हणाली, "भावोजी, गिरणी पण तशीच थंड पडलीय म्हणावं. ती पण चालू करा."

दादाने पक्कड आणली. त्याने बाटली सोडली, गोणपाट काढलं आणि स्वतः पाडलेलं भोकही पत्रा लावून बुजवलं. मग चार-पाच दिवस तो गाडीपाशी बसून होता. पंख्याची हवा सिलिंडरवर नेणारं पत्र्याचं कव्हर सांध्यांत उघडं पडलं होतं, आणि हवा वाटेतच निसटत होती. गिरणीत नळाचा एक सांधा ढिला झाला तर शेवटच्या मागांना हवा मिळत नसे, तसंच. त्याने एकेक सांधा ठोकून बसवला, अ‍ॅस्बेस्टॉसच्या दोरीने बंद केला. त्या दिवसांत तो गेटवर गेला नाही.

त्यानंतर शीवला जाऊन परत येईपर्यंत मला एकदाही थांबावं लागेना. सगळं श्रेय दादाचं, असं मी लिहू शकत नाही. ऊनही उतरलं होतं आणि मी एक पिशवी कमी नेऊ लागलो होतो. पण काम चोख होतं. मेकॅनिकने ते चिंचपोकळीच्या एका कारखानदाराला दाखवलं. तो हॉटेलांच्या भटारखान्यांसाठी धुराचे नळ बनवी. त्याने दादाला कामाला बोलावलं.

"घरची गाडी वेगळी, कामाक जाणा वेगळा," दादा म्हणाला.

वहिनीने मला जिन्यात गाठलं. "तुम्ही बोला त्यांच्याशी. मला आता सुईचं नाक दिसत नाही. अंदाजाने टाके घालते. मुकादमाच्या लक्षात आलं की संपलं."

त्या दिवशी मी फार दमलेलो होतो. समजवायचं कसं, याचा विचार करायचंही त्राण नव्हतं. जेवताना एवढंच म्हणालो, "दादा, वहिनीला दिसत नाही."

"माका म्हायत आसा," तो म्हणाला आणि ताट सारून उठला.

सोमवारी सकाळी तो धुतलेला शर्ट घालून स्कूटरपाशी उभा होता. चिंचपोकळीला सोड म्हणाला. मी मागच्या रस्त्याने वळवू लागलो, तर पाठीवर थाप मारून म्हणाला, "गेटवरून घे."

गेटवर दोघे बसले होते, त्याच्याच खात्यातले. दादा उतरला. "मी उद्यापासून यायचो नाय," त्याने सांगितलं. "नळ ठोकायला जातोय."

त्यातला एक जागा करून देत म्हणाला, "जाशील रे. आधी बस तरी."

दादा बसला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. गाडी उभी ठेवून इंजिन चालू राहिलं की ते जास्त तापतं, म्हणून एरवी तो मला लगेच बंद करायला लावी. त्या दिवशी त्याने वळूनही पाहिलं नाही. मीच बंद केलं आणि तो उठेपर्यंत थांबलो.