भोकांचं सूप

हौसाकाकीच्या दारावर एक सूप टांगलेलं असायचं. भोकं पडलेलं. येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांवर ते यायचंच, आणि यावं म्हणूनच तिनं ते तिथं टांगलेलं.

आमची वाडी हेदवीच्या वरच्या अंगाला, सड्याला पाठ लावून बसलेली. वर कातळ, खाली भाताचा मळा, मधे करवंदीचं रान, आणि रानात डुकरं. दसऱ्याच्या सुमारास भात पिवळं पडलं की ती उतरायची आणि मळ्याचं वाटोळं करून जायची. म्हणून काकीच्या नवऱ्यानं, विठूनं, पिकाच्या राखणीसाठी परवाना काढून दुनळी बंदूक घेतलेली. ब्याऐंशी साली विठू काविळीनं गेला. काकीनं रत्नागिरीला खेपा घातल्या, साहेबापुढं ठाण मांडून बसली आणि परवाना आपल्या नावावर करून आणला.

तेव्हापासून तिचा धाकटा दीर धोंडू फुगलेला. बंदूक त्याला हवी होती. बाईच्या घरात बंदूक म्हणजे कोंबडीच्या गळ्यात घंटा, असं तो चारचौघांत सांगत फिरे. शेवटी वाडीचे मानकरी, गावकर आप्पा, यांच्यापुढं बोलणं झालं. दसऱ्यानंतरच्या हाकाऱ्याला, माणसं रानात शिरून जनावर बाहेर हुसकतात तेव्हा, काकीनं बंदूक घेऊन उभं राहायचं. डुक्कर तिच्यापुढनं निघालं आणि सुटलं, तर बंदूक धोंडूच्या नावावर करायला तिनं मुकाट संमती द्यायची. काकी कबूल झाली. नळीत काय भरायचं ते मात्र मी ठरवीन, एवढंच बोलली.

आप्पांनी तिला जागा दिली सड्याच्या तोंडाची. तिथं रान संपतं आणि जनावर लांबून, उघड्या कातळावरनं तीरासारखं जातं. भल्याभल्यांनी तिथं नुसता धूर काढलेला. जागा का दिली ते सगळ्यांना कळलं, काकीला तर आधी.

वर धोंडूनं उपकार केल्यासारखी एलजीची दोन काडतुसं आणून दिली. एलजीचे छर्रे वाटाण्याएवढे, मोजके पण दणकट. विठूच्या बंदुकीची उजवी नळी तोंडाशी मोकळी, जवळच्या माऱ्याची. डावीचं तोंड आवळ. तिला चोक म्हणतात. आवळ तोंडातनं छर्रे एकगठ्ठा लांब जातात. तेव्हा लांबच्या मोठ्या जनावराला डाव्या नळीत मोठा दाणा, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगे. काकीनं काडतुसं घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मळ्यात बार उडाले. वाडी धावली. काकीनं घरातली दोन सुपं शेणानं लिंपून फणसाच्या बुंध्याला टेकवलेली आणि पार लांब बांधाच्या मेरेवर उभी राहून डाव्या नळीतनं एकावर एलजी झाडलेलं, दुसऱ्यावर घरातलं एसजी. एसजीचा दाणा थोडा बारीक, पण जास्त. म्हाताऱ्या बायांनी कपाळाला हात लावला. सुपावर बार म्हणजे लक्ष्मीवर बार.

धोंडू म्हणाला, "वयनी, सुपात भात पाखडायचा सोडून ह्ये काय चाललंय?"

"डुकरांनी भात ठेवला तर पाखडीन, भावजी."

एलजीचं सूप तिनं उचलून बघितलं. कडेला दोन भोकं, मधली भाकरीएवढी जागा कोरी. मोठे दाणे आवळ तोंडात एकमेकांना ढुशा देत फाकले होते. दुसऱ्या सुपाच्या मात्र पोटातच भोकं, एकाला एक लागून. ते सूप काखेत मारून ती घरी गेली.

हाकाऱ्याच्या दिवशी देवाला गाऱ्हाणं घालून झालं, माणसं रानात शिरली, डबे वाजले, कुत्री भुंकली. काकीनं लुगड्याचा काचा मारला आणि डाव्या नळीत एसजी सरकवलं. धोंडूचं उरलेलं एलजी मोकळ्या उजवीत. त्या नळीतही ते फाकलं असतंच, पण ते अंगाशी आलेल्या जनावरासाठी होतं. तेवढ्यात फाकायला जागा नसते.

डुक्कर निघालं ते थोराड, सुळेवालं. कातळावर आलं तरी काकी बार काढीना. बाई गोठली, असं मागं कुणीतरी म्हटलंसुद्धा. मग डावी नळी वाजली. डुकराचे पुढचे पाय दुमडले. पण ते उठलं, वळलं आणि खाली मुंडी घालून तिच्याच अंगावर आलं. काकीनं पाय हलवला नाही. उजवी वाजली तेव्हा डुक्कर आणि नळीच्या मधे माडाचा एक झाप मावला असता, एवढंच.

आमच्याकडं मुंडीचा मान बार लागलेल्याच्या घराचा. धोंडू लगबगीनं पुढं झाला. "मुंडी घरच्या बाप्यानं न्यायची रीत हाय," असं आप्पांकडं बघत म्हणाला आणि उचलायला वाकला.

"ठेव ती खाली," काकी म्हणाली. "चाप वढला त्ये बोट माजं. मुंडी माज्याच डोक्यावरनं जाईल."

आप्पा घसा खाकरून बाजूला झाले. काकीनं पाटी मागवली, मुंडी तीत घातली आणि डोक्यावर घेऊन भर वाडीतनं चालत घरी गेली. रगत खांद्यावर ओघळत होतं. तिनं पुसलं नाही. घरी जाऊन आधी सूप दारावर टांगलं, मग चूल पेटवली.

दोन वर्षांनी धोंडूनं स्वतःच्या नावानं बंदूक घेतली. एका संध्याकाळी ओटीवर येऊन बसला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग हळूच विचारलं, माझ्या नळीत कुठला दाणा घालू.

"तुज्या नळीचं मला काय म्हाईत?" काकी म्हणाली. "जा, तुज्या घरचं सूप घेऊन ये."

धोंडूच्या बायकोनं सूप दिलं नाही ते दिलंच नाही.